डायल फिरतो, पण आकडा मागेपुढे होतो: दुरुस्तीआधी काय तपासायचं

चिपळूणच्या एका फोटोग्राफरचा प्रश्न आहे. लग्नाची कामं करतात, डीएसएलआर कॅमेऱ्याची बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) सहा-सात वर्षं वापरलेली. मागचा डायल फिरवला की शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं तो आकडा) १/२०० वरून १/२५० होतो आणि पुढच्या खटक्याला परत १/२०० वर येतो. कधी चार खटके नीट जातात, कधी एका खटक्यात दोन पावलं पडतात. एका दुकानाने आख्खा वरचा भाग बदलावा लागेल म्हणून सांगितलं, मित्र म्हणतो स्प्रे मार. सीझन तोंडावर आहे, काय करू?

स्प्रे मारू नका. आणि वरचा भाग बदलायलाही एवढ्यात होकार देऊ नका. शेजारच्या दोन आकड्यांमध्येच झोके घेणं, हे जे लक्षण तुम्ही लिहिलंय, त्यात बिघाडाचा निम्मा पत्ता आहे. पंचवीस वर्षं मी कॅमेरे उघडतोय. 'डायल गेला' म्हणून टेबलावर आलेल्या कितीतरी बॉडींमध्ये डायल गेलेला नव्हता. तो मळला होता, लॉक होता, किंवा दुसरंच एखादं बटण अडकलं होतं. खरोखर झिजलेलेही येतात, पण ते वेगळ्या तऱ्हेने चुकतात. ही तऱ्हा ओळखता आली की पैसेही वाचतात आणि बॉडीही.

डायलच्या पोटात काय असतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. चाकाखाली छोटी गोल तबकडी असते, तिच्यावर धातूच्या बारीक पट्ट्यांची नक्षी. त्या नक्षीवरून स्प्रिंगसारखे नाजूक ब्रश घासत जातात. यात एक वाट सामाईक असते, तिला आम्ही कॉमन म्हणतो, आणि दोन वाटा सिग्नलच्या, ए आणि बी. चाक फिरलं की दोन्ही सिग्नल चालू-बंद होतात, पण बरोबरीने नाही. एक दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे असतो. आधी कोण आला एवढंच कॅमेरा बघतो. ए आधी आला तर चाक एका दिशेने फिरतंय, बी आधी आला तर उलट. तुम्हाला बोटाला जाणवणारा खटका हा निराळाच भाग आहे: स्प्रिंगवर टेकलेली छोटी गोळी किंवा वाकवलेली पत्ती खाचेत बसते, त्याचा तो खटका. म्हणजे खटका उत्तम आणि सिग्नल खराब, किंवा सिग्नल उत्तम आणि खटका गेलेला, असं दोन्ही होऊ शकतं.

आता समजा ए चा ब्रश मळला, किंवा त्याचा ताण कमी होऊन तो पट्टीला टेकतच नाही. कॅमेऱ्याला एकटा बी दिसतो: चालू, बंद, चालू, बंद. याचा अर्थ तो लावतो, एक पाऊल पुढे, एक मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तुमचा १/२०० आणि १/२५० चा झोका बहुतेक तिथूनच येतोय. काही बॉडींच्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेबाची पद्धत वेगळी असते. तिथे हाच बिघाड 'चाक कुठेही फिरवा, आकडा एकाच दिशेला जातो' असा दिसतो. दोन्ही प्रकारांत एक सिग्नल हरवलाय. कॉमन सुटला तर दोन्ही सिग्नल जातात आणि डायल मुका होतो. अधूनमधून एखादी उडी, मग अर्धा तास सगळं ठीक, मग पुन्हा उडी, असं असेल तर पट्टीवर मळ किंवा ऑक्साइडचा थर असण्याची शक्यता जास्त. आणि चाक गुळगुळीत फिरतंय, खटकाच लागत नाही, तर गोळी-स्प्रिंग निसटलीय किंवा बाहेरचं रबराचं कडं आतल्या चाकावरून सुटून नुसतं घसरतंय.

आज घरीच ही चाचणी करा. मॅन्युअल मोड, पावलं १/३ स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), शटर १/६० वर. डायलच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा, म्हणजे चाक कुठे आहे ते कळेल. आता सावकाश, मोजून दहा खटके फिरवा. निरोगी डायल १/६४० वर पोचतो. दहा खटके उलटे फिरवले की बरोब्बर १/६० वर परत. हे पाच-सहा वेळा करा, आधी हळू, मग नेहमी काम करता त्या वेगाने, आणि चूक झाली की चिकटपट्टी कुठे होती ते कागदावर लिहा. चूक दर वेळी चाकाच्या त्याच जागी होत असेल तर त्या जागेवरची पट्टी झिजलीय किंवा तिथे काहीतरी चिकटलंय. चूक कुठेही, कशीही होत असेल तर मळ किंवा ढिला ब्रश. बॉडी हातात थोडी पिळल्यावर किंवा डायलवर वरून दाब दिल्यावर फरक पडत असेल, तर संशय आत सिग्नल वाहून नेणाऱ्या लवचिक वायर-पट्टीवर आणि तिच्या कनेक्टरवर घ्या. ही कागदाची चिठ्ठी दुरुस्तीवाल्याकडे नेलीत तर त्याचा निम्मा वेळ वाचेल, आणि तो तुमच्याशी जरा जपून बोलेल.

हाच डायल दुसऱ्या कामालाही लावून बघा. आयएसओचं (सेन्सरच्या उजेड-संवेदनशीलतेचं) बटण दाबून डायल फिरवा, काढलेला फोटो झूम करून बघा. सगळीकडे तसाच चुकत असेल तर दोष डायलचा. एकाच कामात चुकत असेल तर सेटिंग बघा, नाहीतर ते विशिष्ट बटण. बटणाखालचं रबर घामाने चिकटून अर्धं दाबलेलं राहतं आणि डायल बिचारा भलतंच काम करत बसतो.

तुमच्या बॉडीला बॅटरी ग्रिप (खालून जोडायचा जादा बॅटरीचा भाग) लागत असेल तर ती मित्राकडून तासाभरासाठी मागून आणा. उदाहरणार्थ, निकॉनच्या डी७५० साठीची किंवा कॅननच्या ५डी मार्क ३ साठीची ग्रिप, तिच्यावर स्वतःचा वेगळा डायल असतो. ग्रिपचा डायल नीट चालला तर मदरबोर्ड बहुतेक ठणठणीत आहे, दोष बॉडीवरच्या डायलपुरता आहे. ग्रिप मिळत नसेल तर कॅमेरा यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून किंवा कंपनीच्या मोबाइल अॅपवरून शटर बदलून बघा. मदरबोर्ड बदलायला सांगणारा कुणी भेटला तर ही एक चाचणी मोठा खर्च वाचवते.

फसवे बिघाड थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यासाठी लोक पुण्या-मुंबईपर्यंत येतात. कॅननच्या ४०डी, ५०डी, ५डी मार्क २ मध्ये पॉवर स्विचला 'ऑन'च्या पुढे आणखी एक जागा आहे. तिथे नेल्याशिवाय मागचं मोठं चाक एक्स्पोजरच्या (फोटोत उजेड किती घ्यायचा त्या) कामाला लागत नाही. ५डी मार्क ३ वर लॉकची वेगळी पट्टी आहे आणि ती बॅगेत सरकते. सोनी अल्फा ७ मार्क ३ मध्ये मेन्यूतून डायल-लॉक चालू असेल तर एफएन बटण जरा वेळ दाबलं गेलं की डायल गप्प होतात. फुजीच्या एक्स-टी मालिकेत शटरचा डायल आकड्यावर असेल तर मागचं चाक त्या आकड्याच्या अवतीभवतीच सरकतं. पूर्ण पल्ला हवा तर डायल 'टी' वर हवा. निकॉनमध्ये डायलची दिशा उलटी करता येते, पुढच्या-मागच्या डायलची कामं अदलाबदल करता येतात, आणि सेकंड हँड बॉडीत आधीच्या मालकाने ती केलेली असतात. जुन्या रिंगवाल्या लेन्सची रिंग सर्वांत छोट्या छिद्रावर लॉक नसेल तर अनेक निकॉन बॉडी 'एफईई' ही चुकीची सूचना दाखवतात, त्यात डायलचा काहीही दोष नाही. आणि मॅन्युअलमध्ये आयएसओ ऑटोवर असेल तर शटर बदलूनही फोटोचा उजेड तोच राहतो. ही तक्रार फार येते.

तुमच्या बाबतीत हे काही नसावं, कारण तुमचा आकडा हलतोय, फक्त चुकीचा हलतोय. म्हणून आता सफाई.

पहिली सफाई पूर्ण कोरडी. बॅटरी आणि कार्ड काढा. बॉडी अशी धरा की डायल जमिनीकडे असेल, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडेल, आत जाणार नाही. मऊ, स्वच्छ टूथब्रशने फटीतून झाडा, हाताच्या रबरी फुग्याने हवा मारा. कॅनमधली दाबाची हवा नको, तिच्यातून थंड द्रव उडतो. मग बॅटरी बाहेर ठेवूनच डायल दोन्ही दिशांना शंभरेक वेळा पूर्ण फिरवा. हे वाचायला फारच साधं वाटतं, पण ब्रश पट्टीवरून घासत गेला की ऑक्साइडचा पातळ थर निघतो. पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या बॉडी मी कितीदा एवढ्यावर परत केल्यात. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हा थर लवकर धरतो, म्हणून तुमच्याकडे याची शक्यता घाटावरच्यापेक्षा जास्त धरेन. शंभर फेऱ्यांनंतर वरची दहा खटक्यांची चाचणी पुन्हा करा. चुका कमी झाल्या असतील तर आपण बरोबर वाटेवर आहोत.

फरक पडला पण पूर्ण गेलं नाही, तरच ओल्याकडे वळा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. सुईच्या टोकाने किंवा दातकोरणीने एक थेंब डायलच्या फटीत, बॉडी कलती धरून, म्हणजे द्रव बाहेरच्या अंगाला ओघळेल. लगेच तीस-चाळीस वेळा फिरवा, बाहेर आलेला काळपट मळ टिपून घ्या. दोन थेंबांपेक्षा जास्त नको. त्यानंतर बॅटरी न घालता रात्रभर मोकळ्या, कोरड्या जागी ठेवा. उन्हात नको.

सॅनिटायझर याच्या जागी चालत नाही. त्यात पाणी असतं आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीनही घातलेलं असतं. २०२० नंतरच्या दोन वर्षांत सॅनिटायझरने पुसलेल्या कितीतरी बॉडी माझ्याकडे आल्या, रबर फुगलेलं आणि डायल गुळासारखे चिकट. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर प्लास्टिकच खातात. निळ्या-पिवळ्या डब्यातलं साधं डब्ल्यूडी-४० आत तेलाचा थर सोडतं, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात डायल आधीपेक्षा वाईट होतो. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर हे खरंच चांगलं औषध आहे, पण ते डबा रोखून फवारायचं नसतं. आधी काचेच्या वाटीत फवारा, मग तिथून थेंब उचला.

यावर मी एवढा जोर का देतो तेही सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका गिऱ्हाइकाच्या बॉडीत मोड डायलच्या (मॅन्युअल, ऑटो असे मोड निवडायच्या चाकाच्या) फटीतून क्लीनर थेट फवारलं. डायल सुधारला. पण द्रव आत वाहत जाऊन फोकसिंग स्क्रीनवर (व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जिच्यावर उमटतं त्या पातळ पडद्यावर) पसरला, आणि ती स्क्रीन पुसून साफ होण्यातली नसते, तिच्या बारीक खाचांवर डाग कायमचा राहतो. स्क्रीन मी माझ्या खर्चाने बदलून दिली. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी मुंजीचं काम होतं आणि त्याला भाड्याने कॅमेरा घ्यावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. डायलच्या खाली काय काय आहे याचा विचार फवारणाऱ्या बोटाने करायला हवा: प्रिझम, स्क्रीन, शटरची पाती, आणि त्यांच्या मागे सेन्सर.

एक गोष्ट खास आपल्याकडची. जेजुरीला सोमवतीला भंडाऱ्यात काम केलंत, हळदी शूट केल्यात, किंवा विसर्जनात गुलालात उभे राहिलात, तर त्या कॅमेऱ्याला ओलं काहीही लावू नका. ना ओला रुमाल, ना थेंब. हळदीची पूड कोरडी असेपर्यंत झटकता येते; ओलावा लागला की तिचा लेप होतो आणि ब्रशच्या खाली जाऊन बसतो. घरी आल्यावर नव्हे, गडावरून उतरतानाच कोरड्या ब्रशने झाडा. शूटिंगच्या आधी डायलच्या फटींवर कागदी मास्किंग टेप लावता आली तर सगळ्यात उत्तम. भंडाऱ्यात कुणी डायल फार फिरवत नाही, एक्स्पोजर आधी ठरवून ठेवा. पिवळा झालेला डायल मी उघडून साफ केलाय, पण वेळ खूप जातो आणि प्लास्टिकवरचा रंग पूर्ण निघत नाही.

मोड डायलचं गणित वेगळं आहे, तेही लिहितो, कारण सीझनमध्ये दुसरी तक्रार त्याचीच असते. त्याला गोल गोल फिरत पावलं मोजायची नसतात, तर प्रत्येक जागेची वेगळी ओळख सांगायची असते. तिथे तीन-चार ब्रश असतात आणि कोणते टेकलेत, कोणते नाहीत, यावरून कॅमेरा मोड ओळखतो. एक ब्रश गेला की ठरावीक जागा ठरावीक दुसऱ्या जागांसारख्या दिसू लागतात. डायल एका मोडवर, स्क्रीनवर दुसराच, आणि दर वेळी तोच दुसरा. कागदावर दोन रकाने आखून सगळ्या जागा लिहून काढा. गोंधळ नेमका, ठरलेला निघाला तर एक ब्रश किंवा त्याची वाट. स्क्रीनवर मोड नुसता फडफडत असेल तर मळ किंवा डायल अर्धवट दोन खाचांच्या मध्ये बसतोय. आणि बॅगेतून काढताना मोड बदललेला सापडतो, तो बिघाड नव्हे, ती रचना. लोकांच्या तक्रारी इतक्या होत्या की २०१० च्या शेवटी कॅननने ५डी मार्क २ आणि ७डी च्या मालकांना पैसे घेऊन मोड डायलवर लॉक बटण बसवून द्यायला सुरुवात केली होती.

आता बॉडी उघडायची का? तुम्ही स्वतः, लग्नाच्या कामाच्या कॅमेऱ्यावर, नाही. पॉप-अप फ्लॅश असलेल्या बॉडीत कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते टिकतात. नेमकं वरचं कव्हर काढताना बोट तिथे जातं. स्क्रू जपानी मापाचे असतात, साध्या फिलिप्सने त्यांची डोकी खराब होतात, आणि एकेका स्क्रूची लांबी वेगळी असते. लांब स्क्रू छोट्याच्या जागी गेला तर खालची पट्टी फुटते. लवचिक पट्ट्यांच्या कनेक्टरची झाकणं नखाएवढीही नसतात आणि ती तुटली की नवा कनेक्टर लावायला सूक्ष्मदर्शकाखाली बसावं लागतं. खटक्याची गोळी मोहरीएवढी, स्प्रिंगच्या जोराने उडाली की फरशीवर शोधत बसा. शिकायचंच असेल तर मुंबईत बोरा बाजारात मेलेली बॉडी शोधा आणि तिच्यावर हात बसवा. मीही तसंच शिकलो.

दुरुस्तीवाल्याला मात्र काही गोष्टी विचारा. फक्त डायलचा भाग मिळतो का, की सगळा वरचा भाग? तुमच्या दुकानाने खोटं सांगितलं असेलच असं नाही. कित्येक बॉडींचा डायल वेगळा सुटा येतच नाही, कव्हर आणि डायल एकत्रच येतात. पण उघडून ब्रश साफ करून, त्यांचा ताण किंचित वाढवून बघायला तो तयार आहे का? पट्टीचा मुलामा शाबूत असेल तर हा उपाय बराच टिकतो. मुलामा उडून खाली तांबं दिसत असेल तर काही महिन्यांपुरताच, हे त्याने आधी सांगायला हवं. पट्टी खोडरबराने घासणारा माणूस टाळा, उरलासुरला मुलामाही जातो. पेन्सिलचं शिसं लावणाराही टाळा, त्याची पूड दोन वाटा एकमेकींना जोडते. ग्रीस फक्त खटक्याच्या गोळीला, पट्टीला नाही. आणि एकदा उघडलेल्या बॉडीची पावसापासूनची राखण पहिल्यासारखी धरू नका, वारीत वापरणार असाल तर रेनकव्हर घालाच.

सीझन तोंडावर आहे म्हणालात. दुरुस्तीला वेळ नसेल तर मेन्यूतून पुढच्या आणि मागच्या डायलची कामं बदला. शटर चांगल्या डायलवर घ्या आणि खराब डायलला अॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) द्या, कारण लग्नात तुम्ही अॅपर्चर शटरपेक्षा कमी वेळा हलवता. त्याहून बरं म्हणजे अॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो) जा, एफ/२.८ किंवा एफ/४ लावून ठेवा, आयएसओ ऑटोवर आणि कमीत कमी शटर १/२०० बांधून घ्या. मग चांगल्या डायलवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो थोडा उजळ किंवा गडद करणं) एवढंच काम उरतं. ग्रिप असेल तर तिच्या डायलवर काम करा. मंगलाष्टकांच्या वेळी मात्र ही बॉडी एकटी नको, दुसरी गळ्यात असू द्या.

आणि दुरुस्त होऊन आली की काउंटरवरच, पैसे देण्याआधी, चिकटपट्टी लावून दहा खटके पुढे, दहा मागे, हळू आणि जोरात, दोन्ही डायलवर. व्ह्यूफाइंडरमध्ये आकाशाकडे बघून नवा डाग किंवा केस नाही ना बघा. हॉट शूवर (वरच्या फ्लॅशच्या खाचेवर) फ्लॅश लावून दोन फोटो काढा, वरचं कव्हर उघडलं असेल तर तिथलीच वायर सुटलेली राहते. जॉयस्टिक, सगळी बटणं, वरची छोटी स्क्रीन. पाच मिनिटं लागतात आणि चांगला दुरुस्तीवाला ती स्वतःहून देतो.